ताईचे राजम्याचे बर्गर

माझ्या थोरल्या बहिणीने आयुष्यात कधी काही टाकून दिलं नाही. ती घरी कपडे दुरुस्त करायची. कुणाच्या पँटची उंची कमी कर, कुणाची झिप बदल, कोटाला नवं अस्तर लाव. काढलेल्या झिपासुद्धा ती धुऊन डब्यात ठेवायची. म्हणून एका शनिवारी दुपारी मी वर तिच्याकडे गेले आणि ती खिम्याचं न उघडलेलं पाकीट कचऱ्याच्या पिशवीत कोंबताना दिसली, तेव्हा मला वाटलं, हिला ताप चढलाय की काय!

एक नव्हे, तीन पाकिटं होती. फ्रिजचं दार सताड उघडं होतं आणि ती आतले कप्पे बाहेर काढून उकळत्या पाण्याने घासत होती.

"लाइट गेली होती का?" मी विचारलं.

"नाही."

"मग?"

"वास आला."

मी पिशवीजवळ वाकून पाहिलं. कसलाही वास नव्हता. "अगं, कालच भरल्याची तारीख आहे यावर. मला तरी दे."

"हात लावू नकोस!" ती एवढ्या जोरात ओरडली की मी मागे सरले. मग आवाज खाली आणून म्हणाली, "हात धू. साबण लावून दोनदा धू."

भाऊजी खिडकीशी खुर्चीवर बसले होते. एरवी मी दारात पाऊल टाकलं की "आल्या, खालच्या मजल्यावरचे इन्स्पेक्टर आले" अशी त्यांची थट्टा सुरू व्हायची. त्या दिवशी त्यांनी मान वळवली नाही. समोर कारखान्याचं मागचं फाटक दिसत होतं, तिकडे ते बघत राहिले.

आम्ही राहायचो ती इमारतही कारखान्याचीच. चार मजले, सोळा घरं, आणि सोळाही घरांत कुणी ना कुणी त्या मांसाच्या कारखान्यात कामाला. भाऊजी एकोणीस वर्षं खिम्याच्या खात्यात मशीनवर होते. आमचे हे कारखान्याची गाडी चालवायचे, दुकानोदुकानी माल पोचवायचे. फाटकाशेजारी कामगारांसाठी दुकान होतं, तिथे खिमा स्वस्त मिळायचा. शनिवारी संध्याकाळी प्रत्येक घरात त्याचे बर्गर व्हायचे. जिन्यात उभं राहिलं तर खालपासून वरपर्यंत तोच एक वास.

ताईच्या घरातून त्या शनिवारी तो वास आला नाही. पुढच्याही नाही.

तिसऱ्या आठवड्यात तिने मला वर बोलावलं आणि माझ्यासमोर एक ताटली ठेवली. बनच्या दोन चकत्यांमध्ये काहीतरी तपकिरी, ओलसर, चारी बाजूंनी ओघळणारं.

"काय आहे हे?"

"बर्गर. राजम्याचा."

मी एक घास घेतला. टिक्की बनमधून निसटून माझ्या मांडीवर पडली. ताई हसली नाही. तिने शिवणाच्या वहीत, मापं लिहायच्या पानावर, काहीतरी खरडलं आणि म्हणाली, "पाणी जास्त राहिलं."

तिचा स्वभावच तो. शिवण वाकडी गेली की सगळी उसवायची आणि पुन्हा घालायची. पुढचे दीड-दोन महिने तिने त्या टिक्कीची पाठ सोडली नाही. बटाटा घातला तर लगदा व्हायचा. नुसतं पीठ घातलं तर खाताना घसा कोरडा पडायचा. शेवटी तिला जमलं. राजमा रात्रभर भिजवायचा, पाणी बदलून खळखळून उकळायचा, अगदी बोटांत चिरडेपर्यंत. मग चाळणीत पसरून कोरडा होऊ द्यायचा. वाटीच्या बुडाने ठेचायचा, पण अर्धाच. काही दाणे तसेच राहिले पाहिजेत, म्हणजे दाताला काहीतरी लागतं. कांदा तांबूस होईपर्यंत परतायचा. शिळ्या पावाचा चुरा, थोडे ओट्स, किसलेलं बीट, मीठ, मिरपूड, लसूण. टिक्क्या थापून तासभर फ्रिजमध्ये ठेवायच्या आणि मग चांगल्या तापलेल्या तव्यावर टाकून त्यांना अजिबात डिवचायचं नाही. कडा गडद झाल्या की एकदाच उलटायच्या. बेकरीतून आदल्या दिवशीचे बन ती निम्म्या भावात आणायची. एका खिम्याच्या पाकिटाच्या खर्चात सात-आठ माणसं जेवतील असं ते प्रकरण होतं, आणि खरं सांगते, छान लागायचं. माझ्या ताईच्या हाताला चव आहे हे मला पन्नाशीला आल्यावर कळलं.

पण घरात काहीतरी बिनसलं होतं. भाऊजी कामावरून आले की बूट दाराबाहेर काढायचे, कपडे तिथेच पिशवीत भरायचे आणि कोपरांपर्यंत हात घासत राहायचे. त्यांच्या बोटांची कातडी सोलवटली होती. जेवताना बोलायचे नाहीत. मी एकदा सहज म्हटलं, "भाऊजी, खात्यात सगळं ठीक ना?" तर त्यांनी ताईकडे पाहिलं, ताईने माझ्याकडे पाहिलं आणि भाजीचं भांडं माझ्यापुढे सरकवलं. मला वाटलं, नवरा-बायकोचं भांडण असेल. आपण कशाला नाक खुपसा?

मग ताईने एक अजब गोष्ट सुरू केली. शनिवारी संध्याकाळी साडेपाचलाच ती मोठ्या ट्रेमध्ये बर्गर घेऊन जिने चढायला-उतरायला लागली. प्रत्येक दारावर टकटक. "आज खिमा करू नका, मी गरमागरम आणलेत." आधी फुकट वाटले, मग लोक लाजायला लागले तेव्हा नावाला पैसे घेऊ लागली. लोक खूश. संध्याकाळचा स्वयंपाक वाचला, मुलांना आवडले, आणखी काय पाहिजे?

मी मात्र तिला लहानपणापासून ओळखत होते. ताई माणूसघाणी होती. पाहुणे आले की तिच्या कपाळावर आठी पडायची. ही बाई सोळा घरांना जेवू घालायला निघाली, तेही गुडघे दुखत असताना? आणि घाई अशी, की जणू सहा वाजता एखादं दार बंद होणार आहे. एखाद्या घरी कुणी भेटलं नाही, तर ती पुन्हा जायची, तिसऱ्यांदा जायची. ट्रेमध्ये बर्गर उरला की तिचा चेहरा उतरायचा.

"अगं, उरला तर आपण खाऊ," मी म्हणायचे.

"कुणी खाल्ला नाही, ते बघ आधी," ती म्हणायची.

बहुतेक वेळा तो उरलेला बर्गर आमच्याच घरचा असायचा. माझ्या सासूबाईंचा.

सासूबाई ऐंशीच्या होत्या, दात सगळे शाबूत, जीभ दातांहून धारदार. "घोड्याचा चारा बनमध्ये घालून माणसांना देते तुझी बहीण," त्या म्हणायच्या. त्यांना खिमाच हवा असायचा, आणि तोही आतून मऊ, गुलाबीसर. जास्त भाजला की "चामडं केलंस" म्हणून ताटली सरकवायच्या. काठी टेकत त्या स्वतः फाटकाशेजारच्या दुकानात जायच्या आणि पाकीट घेऊन यायच्या. मी त्यांना बोलत नसे. म्हाताऱ्या माणसाचं एक सुख, ते कशाला हिसकावून घ्यायचं?

ताई दर शनिवारी मला विचारायची, "सासूबाईंनी आज कुठला खाल्ला?" मी खरं सांगितलं की ती ओठ चावायची. एकदा म्हणाली, "निदान करपेपर्यंत भाजत जा गं." मी हसले. म्हटलं, "तू येऊन भाज आणि तूच शिव्या खा." ती हसली नाही. दारातून परत फिरली, दोन पायऱ्या चढली, थांबली. मला वाटलं, आता काहीतरी बोलेल. ती तशीच वर गेली.

पाचव्या महिन्यात सासूबाई आजारी पडल्या. सोमवारी पोटात मुरडा, मंगळवारी रक्त पडायला लागलं. आम्ही दवाखान्यात नेलं. बुधवारी लघवी बंद झाली. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, त्यांनी मला कॉरिडॉरमध्ये घेऊन विचारलं, "गेल्या आठवड्यात यांनी काय काय खाल्लं?" मग म्हणाल्या, "पलीकडच्या वॉर्डात तुमच्याच इमारतीतली एक छोटी मुलगी आहे. हीच लक्षणं. दोघींनी सारखं असं काही खाल्लंय का?"

आणि मी, मूर्खासारखी, पटकन म्हणाले, "शनिवारी आमच्या इमारतीत सगळेच माझ्या बहिणीचे राजम्याचे बर्गर खातात."

वाक्य तोंडातून बाहेर पडलं. डॉक्टरीणबाईंनी ते लिहून घेतलं.

गुरुवारी सकाळी आरोग्य खात्याचा निरीक्षक ताईच्या दारात उभा राहिला. सडपातळ, चष्मा लावलेला, बोलायला अगदी सौम्य. हातमोजे घालून त्याने तिच्या स्वयंपाकघरातून राजमा, चुरा, पोळपाट पुसायचं फडकं, सगळं वेगवेगळ्या पिशव्यांत भरलं. "राजमा कच्चा राहिला तर त्रास होतो, बाई," तो म्हणाला. "किती वेळ शिजवता?" ताईने सगळं सांगितलं, मिनिटासकट. एका शब्दाने जास्त नाही. भाऊजी कामावर गेले होते.

इमारतीत बातमी वाऱ्यासारखी पसरली. ज्यांनी दोन-अडीच महिने बोटं चाटली होती, त्यांनाच आता आठवायला लागलं की आपलंही पोट गेल्या महिन्यात बिघडलं होतं. कुणीतरी तिच्या दारावर काळ्या रंगाने "विषारी" असं लिहिलं. त्या छोट्या मुलीचा बाप जिन्यात उभा राहून ओरडला, "माझ्या पोरीला काही झालं तर बघून घेईन!" शुक्रवारी कारखान्याच्या नोटीस बोर्डावर कागद लागला. घरगुती, बिनपरवाना खाद्यपदार्थांपासून कामगारांनी सावध राहावं, असा. आमच्या ह्यांनी तो वाचला आणि घरी येऊन मला म्हणाले, "कमाल आहे. एवढ्या तत्परतेने तर कधी पगारसुद्धा झाला नाही."

त्या दिवशी दुपारी मी सासूबाईंचे कपडे दवाखान्यात न्यायला घरी आले. त्यांना ताप होता म्हणून बर्फ न्यावा असं मनात आलं. फ्रिजचा वरचा कप्पा उघडला, बर्फाचा ट्रे ओढला, तर त्यामागे वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी होतं. मी उलगडलं. खिम्याचं पाकीट, अर्धं संपलेलं. सासूबाईंनी लपवून ठेवलं होतं, कारण गेल्या शनिवारी मी पहिल्यांदा त्यांना ठामपणे सांगितलं होतं की आज सगळे ताईचाच बर्गर खाणार. मी भाजी आणायला गेले होते तेवढ्यात त्यांनी स्वतः गॅस पेटवून आपल्यापुरता करून घेतला होता. आवडीप्रमाणे, आतून गुलाबी.

मी ओट्यापाशी किती वेळ उभी होते कोण जाणे. डोळ्यांसमोर एकेक गोष्ट येत गेली. उकळतं पाणी. हात धू, दोनदा धू. करपेपर्यंत भाजत जा गं. मी ते पाकीट तसंच हातात घेऊन वर गेले.

ताई मशीनवर बसली होती, पण मशीन बंद होतं. तिने माझ्या हातात काय आहे ते पाहिलं आणि डोळे मिटले.

"तुला माहीत होतं," मी म्हणाले.

"हो."

"कधीपासून?"

"त्या शनिवारपासून. फ्रिज धुतला त्या."

मग तिने सांगितलं. कारखान्याची एक शीतखोली मध्येच बंद पडायची. आतला माल कोमट व्हायचा. तो आणि दुकानांतून परत आलेला माल, दोन्ही धुऊन, ताज्यात मिसळून पुन्हा खिम्याच्या मशीनमध्ये टाकायचे. भाऊजींनी साहेबांना सांगितलं तेव्हा साहेबांनी त्यांच्यापुढे एक कागद ठेवला: आतलं बाहेर बोललात तर नोकरी जाईल, आणि घर महिन्याभरात खाली करायचं. भाऊजींनी सही केली.

"मला का नाही सांगितलंस?"

"तू तुझ्या नवऱ्याला सांगितलं असतंस. ते ड्रायव्हरांच्या खोलीत बोलले असते. दोन दिवसांत दोन्ही घरांचं सामान रस्त्यावर आलं असतं. मला वाटलं, सगळ्यांनाच दुसरं काहीतरी खायला घातलं तर? स्वस्त, चांगलं. मग कुणी ते आणणारच नाही. कुणाला काही सांगायलाच नको. मी दर शनिवारी तुला विचारत होते ना गं, सासूबाईंनी काय खाल्लं म्हणून?"

"विचारत होतीस," मी म्हणाले. "सांगत नव्हतीस."

तेवढ्यात दारात भाऊजी दिसले. पाळी लवकर सोडून आले होते, बूट अजून पायातच होते. किती ऐकलं होतं कुणास ठाऊक. ताई उठली, माझ्या हातातलं पाकीट घेतलं, जाड टॉवेलात बर्फासकट गुंडाळलं, चप्पल घातली.

"कुठे?" भाऊजींनी विचारलं.

"त्या निरीक्षकाकडे. तुम्ही आलात तर बरं होईल. नाही आलात तरी मी जातेय."

भाऊजी वाकले, बुटाची नाडी सोडली, पुन्हा बांधली. पुन्हा सोडली. माणूस हमसून हमसून रडत होता. मग ते तिच्यामागोमाग जिना उतरले. जिन्यात शेजारीण भेटली, तिने ताईला पाहून दार लावून घेतलं.

पाकिटात आणि सासूबाईंच्या तपासणीत एकच जंतू निघाला. राजम्यात काही निघालं नाही. निरीक्षकाने पंधरा दिवसांत कारखान्याच्या तीन खोल्यांना सील ठोकलं. ती छोटी मुलगी महिनाभराने घरी आली. तिच्या घरीही शुक्रवारी खिमा केला होता, हे नंतर कळलं. सासूबाई नवव्या दिवशी गेल्या. शेवटी शेवटी त्या मला ओळखत नव्हत्या, नर्सला मात्र शिव्या देत होत्या.

ताई भेटायला आली, तेव्हा मी दार उघडलं नाही. ती बाहेर बराच वेळ होती. मी आतून तिच्या चपलांचा आवाज ऐकत होते.

ती ज्याला घाबरत होती ते सगळं झालं. कारखाना बंद पडला, इमारत रिकामी करायची नोटीस आली. सोळा घरांपैकी अर्ध्यांनी ताईला दोष दिला, हिने तोंड उघडलं म्हणून आमचं घर गेलं. उरलेल्यांनी दोष दिला, हिने तोंड आधी का उघडलं नाही. मी दुसऱ्यांपैकी. ताई आणि भाऊजी एका लाँड्रीच्या मागच्या दोन खोल्यांत राहायला गेले. भाऊजींना गोदामावर पहाऱ्याचं काम मिळालं. आम्ही शहराच्या दुसऱ्या टोकाला गेलो. सात महिने मी तिच्याशी एक शब्द बोलले नाही.

मग सुनावणी लागली. मला साक्षीसाठी बोलावलं होतं, तिलाही. बाकावर ती माझ्यापुढे दोन रांगा बसली होती. खांदे पडलेले, केस अर्धे पांढरे झालेले. सरकारी वकिलाने बाहेर तिला समजावताना मी ऐकलं होतं, "म्हातारी आजारी पडल्यावर तुम्हाला कळलं, एवढंच सांगा. जास्त खोलात शिरू नका. उगाच तुमच्यावर उलटेल."

आत प्रश्न आला, "तुम्हाला ही गोष्ट केव्हा कळली?"

ताई उभी राहिली. कठड्याला धरून म्हणाली, "बाईंच्या मृत्यूच्या पाच महिने आधी." आणि तारीख सांगितली.

खोलीत कुजबुज झाली. कारखान्याचा वकील ताडकन उठला. "पाच महिने? आणि तुम्ही गप्प बसलात?"

"हो."

"का?"

"घर जाईल म्हणून. त्या बाई माझ्या धाकट्या बहिणीच्या सासू होत्या. बहीण खालीच राहायची. चौदा पायऱ्या. मी उतरून सांगितलं नाही."

तिने मागे वळून पाहिलं नाही. मला तिचा फक्त कान दिसत होता, लालबुंद झालेला.

कारखान्याच्या दोन साहेबांना शिक्षा झाली. ताईला समज देऊन सोडलं. त्या दिवशी संध्याकाळी आम्ही दोघी एकाच बस थांब्यावर आलो, कारण दुसरा थांबाच नव्हता. ती एका टोकाला उभी, मी दुसऱ्या. बस आली. ती पुढे बसली, मी मागे. तिचा थांबा आला, ती दांडीला धरून हळूहळू उतरली, आणि मला कळलं की मीही उठलेय. माझा थांबा अजून अर्ध्या तासावर होता.

लाँड्रीमागची खोली वाफेने कोंदलेली होती. भाऊजी ड्यूटीवर होते. ताईने खुर्चीवरचे कुणाचे तरी कपडे उचलून मला बसायला जागा केली. मी बसले. सासूबाईंबद्दल आम्ही बोललो नाही. माझ्या कोटाचं बटण लोंबत होतं, ते तिने पाहिलं, कोट मागून घेतला आणि सुई ओवायला दिव्याखाली गेली. तिला दोरा दिसेना. तीनदा ओवला, तीनदा चुकला. शेवटी मी उठले आणि सुई तिच्या हातातून घेतली.

त्याला आता नऊ वर्षं झाली. मी महिन्यातून एकदा जाते. माफ केलं का, असं ती कधी विचारत नाही, आणि विचारलं तर काय सांगायचं ते मला अजून ठरवता आलेलं नाही.